कुंदाताईंचा ळ

कुंदा नाखवा 'ळ' म्हणत तेव्हा समोरच्या माणसाला नकळत ताठ बसावंसं वाटे. बाकीचे लोक हे अक्षर जाता जाता उरकतात. कुंदाताई ते मांडून ठेवत. 'वेळ', 'नळी', 'बाळकुम', शब्द कुठलाही असो, जीभ टाळूपर्यंत मागं जाई, तिथं क्षणभर थांबे आणि मगच सुटे. मी कंपनीत नवा असताना मला वाटलं, बाई पुण्याच्या असाव्यात. हे त्यांना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवावा लागला.

"पुण्याची? अहो दामले, मी कोळीण. बाळकुमची. आमच्या घरात 'ळ' नसतोच."

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातली. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आमची छोटी कंपनी होती. बॉयलरची कंट्रोल पॅनेलं बनवायची. पॅनेल म्हणजे एक लोखंडी कपाट. बॉयलरमध्ये पाणी पुरेसं आहे का, वाफेचा दाब किती, खाली जाळ पेटलाय का, हे ते सतत बघत राहतं आणि काही बिघडलं तर जाळ बंद करून घंटा वाजवतं. कपाटाच्या पोटात एक लहानसा कॉम्प्युटर असे आणि त्याचे प्रोग्रॅम कुंदाताई लिहीत. मी त्याआधी एका छापखान्यात प्रुफं तपासत होतो. इथं मला पॅनेलची माहितीपुस्तकं मराठीत लिहिण्यासाठी घेतलं होतं, कारण इंग्रजी पुस्तकं कारखान्यात खिडकीला टेकू म्हणून वापरतात असं कुणीतरी पाहून आलं होतं. मराठी पुस्तकंही पुढे टेकू म्हणूनच वापरली गेली. पण त्याआधी कुणीतरी ती एकदा चाळून बघे, एवढी प्रगती मी केली.

कुंदाताई गणितात एम.एस्सी. होत्या. वय चाळिशीच्या अलीकडे. सुती साडी, पदर खोचलेला. चालू सर्किटजवळ धातू नको म्हणून काम सुरू करण्यापूर्वी बांगड्या आणि अंगठी काढून रुमालात बांधत आणि ते गाठोडं खणात ठेवत. 'झालं' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. काम सुरू केलं का, असं विचारलं की म्हणत, 'बघते.' संपलं का, असं विचारलं तरी 'बघते'च. त्यामुळे विक्री खात्यातले लोक त्यांच्या टेबलाला वळसा घालून जात. कुणी 'असं होऊच शकत नाही' म्हणालं की त्या खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसत आणि विचारत, "बरं. मग काय काय होऊ शकतं ते सांगा." बहुतेक माणसांना या प्रश्नाची सवय नसते.

कंपनीचे मालक डॉक्टर महाजन. परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेले. केबिनच्या दारावर पितळी पाटी होती. तिच्यात नावापेक्षा पदव्यांना जास्त पितळ लागलं होतं. डॉक्टरांना इंग्रजी कॅपिटल अक्षरांचं फार प्रेम. 'कंपनी', 'डायरेक्टर', 'प्रगती' हे शब्द वाक्यात कुठंही आले तरी ते मोठ्या अक्षरानं सुरू करत. मला स्वतःला त्या अक्षरांबद्दल थोडी अढी आहे. वाक्याच्या सुरुवातीला एक अक्षर कोट घालून उभं राहतं आणि बाकीची मागून निमूट चालतात, हे मला कधी फारसं आवडलं नाही. आपली अक्षरं सगळी एका रेघेला टांगलेली. त्यात लहान-मोठं कुणी नाही.

एकदा डॉक्टरांनी कॅन्टीनमध्ये पाटी लावली. मांसाहारी डबा आणू नये, अशी. इंग्रजीत, सगळीच्या सगळी कॅपिटल अक्षरं. कुंदाताईंच्या डब्यात बहुधा जवळ्याची चटणी असे. त्या पाटीसमोर उभ्या राहिल्या, नीट वाचली आणि म्हणाल्या, "केवढ्यानं ओरडलेत. हळू सांगितलं असतं तरी ऐकू आलं असतं." दुसऱ्या दिवसापासून त्या आपल्या कामाच्या बाकावरच जेवायला लागल्या. भाजलेल्या जवळ्याचा वास वायरिंगच्या खोलीतून अकाउंट्सपर्यंत गेला. हळूहळू अकाउंट्समधले दोघं भाकरी घेऊन त्यांच्या बाकाशी आले, मग स्टोअरवाले आले, मग मीही गेलो. पाटी तशीच राहिली. तिच्याखाली बसून जेवणारं मात्र कुणी उरलं नाही.

त्या बाकावर मला 'ळ'ची हकीकत कळली. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी प्रत्येकाला उठवून नाव आणि वडील काय करतात ते विचारलं. ही पोर उठली आणि म्हणाली, "आम्ही कोली."

"बाई म्हणाल्या, काय? मी म्हटलं, कोली. सगळा वर्ग हसला. मागून एक जण ओरडला, हिला स्वतःला काय म्हणतात ते पण येत नाही."

"मग?"

"मग काय, संध्याकाळी खाडीवर जाऊन बसले आणि जिभेला वळण लावलं. कोळी, होळी, पोळी. बगळे उडून जायचे. घरी येऊन आईला म्हटलं, आई, जाळं कुठंय? आईनं कपाळावर हात मारला. 'आली गो बाय शिकून! आता बोंबलाला पन ळ लावशील.'"

हे सांगताना त्यांच्या आवाजात कुठं दुखावलेपण नव्हतं. आईचा सूर त्या अगदी तिच्यासारखा लावत. पण एवढं मला समजलं की घरात जे दोन आवाज एकच होते, ते वेगळे करायला या बाईला कष्ट पडले होते, आणि कष्टानं वेगळं केलेलं त्या पुन्हा एकत्र होऊ देणार नव्हत्या.

प्रोग्रॅममध्येही त्यांनी हेच केलं. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक गोष्टीला नाव द्यावं लागतं: पाण्याला, दाबाला, घंटेला. बाकीचे प्रोग्रॅमर एक्स वन, एक्स टू अशी नावं देत आणि महिन्याभरात त्यांना स्वतःलाच ती ओळखू येत नसत. कुंदाताई मराठी नावं देत, इंग्रजी लिपीत. dab म्हणजे दाब; अ आणि आ, दोन्हींना एकच a. vaph म्हणजे वाफ. इंग्रजी लिपीत 'ट' आणि 'त' वेगळे नाहीत, 'ळ' आणि 'ल' वेगळे नाहीत. म्हणून ट, ड, ण, ळ ही अक्षरं आली की त्या कॅपिटल लिहीत. tak म्हणजे ताक आणि Tak म्हणजे टाक. एका सहकाऱ्यानं कंटाळून विचारलं, एवढा फरक कशाला करायचा? त्या म्हणाल्या, "तुम्ही बॉयलरमध्ये ताक ओतणार असाल तर नका करू."

नावाबद्दल त्यांचं एक म्हणणं होतं. नाव म्हणजे हाक. हाक मारली की एकानंच वळून बघायला पाहिजे.

आता डॉक्टरांच्या भाषेबद्दल सांगायला हवं. पॅनेलचे प्रोग्रॅम लिहिण्यासाठी डॉक्टरांनी स्वतः एक छोटी भाषा तयार केली होती आणि तिचा कंपायलरही. कंपायलर म्हणजे दुभाषी. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम तो यंत्राला कळतील अशा आकड्यांत उतरवून देतो. या भाषेत नाव आधी नोंदवायची पद्धत नव्हती. एखादं नाव पहिल्यांदा आलं की दुभाषी त्याला एक कप्पा देई आणि पुढं तेच नाव आलं की त्याच कप्प्यात हात घाली. लहान आणि कॅपिटल अक्षरं वेगळी धरली जातील, असं भाषेच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. ते वाक्य मीच मराठीत आणलं होतं.

आमचा प्रिंटर जुना होता. त्याला लहान अक्षरं येतच नसत, त्यांच्या जागी तो टिंबं, फुल्या, काय वाट्टेल ते छापी. म्हणून डॉक्टरांनी कंपायलरची नवी आवृत्ती काढली. तिच्यात छापलेल्या यादीत सगळी नावं कॅपिटलमध्ये नीटनेटकी येत. या आवृत्तीचा समारंभ झाला. कॉम्प्युटरला हार घातला. त्यामुळे फुलं पंख्यात जाऊन तो थोडा वेळ बंद पडला. डॉक्टरांनी भाषण केलं, त्यात 'शिस्त' हा शब्द पुष्कळदा आला. छापील यादी पाहून कुंदाताईंनाही बरं वाटलं. "चला, फुल्या गेल्या," असं त्या म्हणाल्याचं मला आठवतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यातून मागणी आली. तिथं आमचं एक पॅनेल होतं. मालकांना, म्हणजे शेठना, धोक्याची घंटा जरा जास्त वेळ वाजायला हवी होती. कुंदाताईंनी प्रोग्रॅममध्ये तेवढा बदल केला, नव्या कंपायलरमधून तो काढला, घंटा वाजते का ते बघितलं आणि पॅनेलमध्ये बसवला.

मग एके दिवशी दुपारी जेवणाच्या वेळेला त्या कारखान्याचा पाण्याचा पंप बंद पडला. बॉयलरमधलं पाणी उतरत गेलं आणि जाळ पेटलेलाच राहिला. बॉयलरच्या पोटात शिशाचं एक बूच असतं. पाणी फार कमी झालं की ते वितळतं, त्यातून वाफ जाळावर येते आणि जाळ विझतो. त्या बुचानं आपलं काम केलं, म्हणून कुणाला इजा झाली नाही. आतल्या नळ्या तेवढ्या वाकल्या.

बॉयलरवर पवार नावाचा माणूस होता. विठ्ठलवाडीला राहायचा, मूळचा साताऱ्याकडचा. पॅनेल आपोआप जाळ बंद करतं, मग जाळ चालू राहिला कसा? शेठनी निष्कर्ष काढला की पवारनं पॅनेल मॅन्युअलवर, म्हणजे हातानं चालवण्यावर, टाकलं आणि डुलकी काढली. आमच्या डॉक्टरांनी तो निष्कर्ष आनंदानं उचलला. पवारला घरी बसवलं. आमच्या कंपनीचा अहवाल गेला की त्याला काढून टाकायचं ठरलं होतं. एकदा 'बॉयलरवर झोपणारा' असा शिक्का बसला की बॉयलर चालवण्याचं त्याचं सर्टिफिकेट गेलं असतं आणि नंतर कुणी त्याला चुलीवरही बसू दिलं नसतं.

अहवाल मी मराठीत लिहायचा आणि प्रोग्रॅम ज्यांचा त्या कुंदाताईंनी त्याच्यावर सही करायची, अशी डॉक्टरांची व्यवस्था.

"मी त्या माणसाला भेटल्याशिवाय सही करणार नाही," कुंदाताई म्हणाल्या.

"भेटून तो काय वेगळं सांगणार आहे?" डॉक्टर म्हणाले.

"तेच बघते."

आम्ही दोघं विठ्ठलवाडीला गेलो. पवार चाळीच्या बाहेर बाकड्यावर बसला होता. आम्हाला बघून उठला आणि घडाघडा बोलायला लागला, बहुधा रोज हेच बोलत असावा.

"बाई, आईशप्पथ सांगतो, मी हात नाय लावला पॅनेलला. डबा खात होतो, तिथंच, बॉयलरसमोर. झोपलो असतो तर भाजलो नसतो का?"

"तुम्ही झोपला होता का ते मी विचारत नाहीये," कुंदाताई म्हणाल्या. "घंटा वाजली का?"

"नाय वाजली."

"नक्की?"

"अहो, ती घंटा वाजली तर कल्याणपर्यंत ऐकू जाईल. आन शेठनीच जास्त वेळ वाजायची करून घेतलेली ना. खात्यातल्या कुणालापण विचारा."

परत येताना कुंदाताई रिक्षात बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "दामले, पॅनेल मॅन्युअलवर टाकलं तरी घंटा बंद होत नाही. जाळ बंद होणं थांबतं, घंटा वाजतेच. ती वायर मी वेगळी ठेवायला लावलीय. घंटा वाजली नाही, म्हणजे पॅनेलला वाटत होतं की पाणी आहे."

"आणि पवार खोटं बोलत असेल तर?"

"तर सगळं खातं खोटं बोलतंय. विचारू."

कारखान्यात जाऊन त्यांनी विचारलं. घंटा कुणीच ऐकली नव्हती. पाण्याची पातळी मोजणारी कांडी काढून तपासली, ती ठीक होती. शेठ म्हणाले, "मॅडम, तुम्ही आमच्या बाजूच्या की त्याच्या?" कुंदाताई कांडी पुसत होत्या. म्हणाल्या, "मी कांडीच्या बाजूची."

ठाण्याला येऊन त्यांनी बाकावर एक बादली ठेवली, बादलीत कांडी सोडली, जाळाच्या जागी एक दिवा लावला आणि तोच प्रोग्रॅम चालवला. दिवा विझवून कांडी पाण्याबाहेर काढली की घंटा ठणाणा वाजे. दिवा पेटवून कांडी बाहेर काढली की सगळं शांत. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"घंटा बघितली तेव्हा मी दिवा लावलाच नव्हता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घंटेचंच बघायचं होतं ना, म्हणून." आणि थोड्या वेळानं, "जाळ आहे तोवर याला वाटतं पाणी आहे. कशावरून वाटतं?"

पुढचे काही दिवस त्या आपला प्रोग्रॅम वाचत राहिल्या. तो बरोबर होता. प्रत्येक ओळ बरोबर होती. डॉक्टर येता-जाता डोकावत, "काय नाखवा, सापडलं का भूत?" असं विचारत आणि अहवालाची आठवण करून देत. शेठचे फोन येत होते.

एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. "तुम्ही छापखान्यात प्रुफं कशी तपासायचात?"

मी सांगितलं, दोघांनी. एकानं छापलेलं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचं. डोळा सवयीनं चूक दुरुस्त करून घेतो. कान तेवढा दयाळू नसतो.

"मग वाचा." त्यांनी प्रिंटरची यादी, म्हणजे छापलेला सगळा प्रोग्रॅम, माझ्या हातात दिली आणि स्वतः हातानं लिहिलेला प्रोग्रॅम पुढ्यात घेतला. "छापलंय तसं वाचा. अर्थ लावू नका."

मी वाचायला लागलो. अर्थ लावायचा प्रश्नच नव्हता. दाब, वाफ, घंटा, सगळी नावं कॅपिटलमध्ये ओळीनं उभी होती. असं वाचत वाचत मी त्या ओळीपाशी आलो. कागदावर JAL होतं, दोन्हीकडे.

"जल नसेल तर जल बंद."

"काय?"

"जल नसेल तर जल बंद. छापलंय तसंच वाचतोय."

कुंदाताईंनी आपल्या कागदावरच्या ओळीवर बोट दाबून धरलं. मग म्हणाल्या, "असं कोण बोलतं माहितीय? माझी आई."

त्यांच्या कागदावर मूळ ओळ होती: jal नसेल तर jaL बंद. जल नसेल तर जाळ बंद. पाण्याचं नाव jal, जाळाचं jaL. मधे फरक एका कॅपिटल अक्षराचा, म्हणजे 'ळ'चा. छापलेल्या यादीत दोन्ही JAL झाले होते आणि आम्ही सगळे समजून चाललो होतो की तो नुसता प्रिंटरसाठी केलेला साज आहे.

"दामले, हे छापताना नाही झालं," त्या उभ्या राहत म्हणाल्या. "हे ऐकतानाच झालंय. याला ळ ऐकूच येत नाहीये."

त्यांनी कंपायलरनं बनवलेले कप्पे तपासले. पाण्याला आणि जाळाला मिळून एकच कप्पा होता. पॅनेल आधी पाणी बघून त्या कप्प्यात 'नाही' अशी खूण करी. मग जाळ दिसला की त्याच कप्प्यात 'आहे' अशी खूण करी. आणि मग कप्पा उघडून बघे, पाणी आहे का? आहे. डॉक्टरांच्या स्वतःच्या चाचण्यांत हे कधीच दिसलं नसतं. डॉक्टर सगळी नावं पहिल्यापासून कॅपिटलमध्येच लिहीत.

आम्ही केबिनमध्ये गेलो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला.

"नाखवा, तुम्ही मराठीत नावं ठेवता तिथंच खरा प्रॉब्लेम आहे. वॉटर म्हणा, फ्लेम म्हणा. लगेच सुटेल."

"माझा प्रोग्रॅम सुटेल. कंपायलर नाही सुटणार."

"लहान-मोठ्या अक्षरावर कुणी एवढं अवलंबून राहतं का?"

"पुस्तकात लिहिलंय म्हणून राहिले. दामले, काय वाक्य आहे?"

मी म्हटलं, "लहान आणि कॅपिटल अक्षरं वेगळी धरली जातील."

"पुस्तक दुरुस्त करता येईल," डॉक्टर म्हणाले.

"आणि पवारना काय सांगायचं? तुमची नोकरी गेली, पण आम्ही पुस्तक दुरुस्त केलंय?"

डॉक्टर म्हणाले, भावनेच्या भरात तांत्रिक निर्णय घेऊ नयेत. पवारची चूक नसेलच असंही म्हणता येणार नाही. कंपायलरचा मूळ मजकूर गोपनीय आहे आणि तो आपण कुणाला देत नाही. हे सगळं ते फार सुंदर आवाजात म्हणाले. मला तर दोन वाक्यांपुरतं पटलंही.

कुंदाताई बाहेर आल्या आणि त्यांनी एकच गोष्ट केली. तयार झालेलं कुठलंही पॅनेल बाहेर जाण्यापूर्वी त्याच्या तपासणीच्या कागदावर त्यांची सही लागे. त्यांनी सही करणं थांबवलं. भांडण नाही, राजीनामा नाही. रोज वेळेवर येत, केबिनबाहेर खुर्ची टाकून बसत, डॉक्टर दिसले की उभं राहून विचारत, "सर, कंपायलरचा मजकूर आज देताय का?" डॉक्टर नाही म्हणत. मग त्या आपल्या बाकावर जाऊन दुसरं काम करत. तयार पॅनेलं आधी पॅकिंगच्या खोलीत, मग व्हरांड्यात आणि मग डॉक्टरांच्या गाडीच्या जागेत उभी राहिली. विक्री खात्यातले लोक आता वळसा न घालता त्यांच्याकडे येऊ लागले.

"ताई, करून टाका ना सही. आमचं कमिशन अडकलंय."

"कॉम्प्युटरमध्ये ळ आला की करते."

"म्हणजे कधी?"

"ते आत विचारा."

त्यांनी आत विचारलं. एका दुपारी डॉक्टरांनी कंपायलरची फ्लॉपी आणून कुंदाताईंच्या बाकावर ठेवली. "बघा काय सापडतंय ते," असं म्हणाले आणि लगेच वळले.

कुंदाताईंनी बांगड्या काढल्या, रुमालात बांधल्या. सर्किटचं काम नव्हतं, तरी काढल्या. जे सापडलं ते फार थोडं होतं. नावाची अक्षरं कॅपिटल करणारा तुकडा यादी छापायच्या जागी असायला हवा होता. तो नाव पहिल्यांदा वाचून घ्यायच्या जागी, म्हणजे कप्पा शोधायच्या आधीच घातला होता. त्यांनी तो तिथून उचलला आणि छापायच्या ठिकाणी नेऊन ठेवला. मग बादली, दिवा, कांडी. दिवा पेटवून कांडी बाहेर काढली. घंटा वाजली आणि दिवा विझला. अकाउंट्समधल्या कुणीतरी टाळी वाजवली. कुंदाताई म्हणाल्या, "बघते," आणि कांडी पुन्हा पाण्यात सोडली.

अहवाल मी लिहिला. 'दोष कंपायलरमध्ये होता. बॉयलरवरच्या माणसाची चूक नव्हती.' डॉक्टरांनी पहिलं वाक्य खोडून तिथं 'काही तांत्रिक विसंगती आढळून आली' असं सुचवलं.

"विसंगती कुठं आढळली?" कुंदाताईंनी विचारलं. "रस्त्यात?"

माझं वाक्य राहिलं. डॉक्टरांनी सही केली आणि त्यांच्या बाजूनं सांगायचं तर सही नेहमीपेक्षा बरीच लहान केली.

त्याच सुमारास मला नाशिकला एका वर्तमानपत्रात काम मिळालं होतं. कंपनीतला माझा शेवटचा दिवस म्हणजे डोंबिवलीला नवा प्रोग्रॅम बसवायचा दिवस. डॉक्टरांनी मला आपल्या गाडीतून नेलं. कुंदाताई सकाळीच पुढे गेल्या होत्या.

बॉयलरच्या नळ्या बदलून झाल्या होत्या. पवार कामावर परतला होता, पण पॅनेलपासून दोन हात लांब उभा होता. शेठनी त्याला हाक मारली, "ये ना पवार, आता काय भीती?" तो जागचा हलला नाही.

"बाई," तो म्हणाला, "कागद आला, मी वाचला. लई उपकार झाले. पण उद्यापासून याच्यासमोर मी एकटा बसणार. मला एकदा डोळ्यांनी बघू द्या. पाणी मी बंद करतो. खरोखरचं."

शेठ म्हणाले, "अरे, नुकत्याच नळ्या बदलल्यात!"

"करा बंद," कुंदाताई म्हणाल्या.

पवारनं व्हॉल्व्ह फिरवला. काचेच्या नळीतलं पाणी उतरायला लागलं. डॉक्टर हळूच दाराकडे सरकले. बॉयलरला एक भिंग लावलेली खिडकी होती, त्यातून आतला पिवळा जाळ दिसत होता. पाणी खुणेपाशी आलं, खुणेच्या खाली गेलं. घंटा अशी वाजली की शेठनी दोन्ही कान धरले. खिडकीतलं पिवळं एकदम काळं झालं.

शेठनी घंटा बंद करायला लावली, थंड पेयं मागवली, डॉक्टरांशी हात मिळवला. डॉक्टर 'शिस्त' या विषयावर काहीतरी बोलायला लागले. पवार खिडकीला डोळा लावून उभा होता. बराच वेळ उभा होता.

"बाई, झालं की ओ," तो वळून म्हणाला.

कुंदाताईंनी एक रिकामा ड्रम ओढून बॉयलरसमोर घेतला आणि त्याच्यावर बसल्या. "पाणी भरा, जाळ लावा," त्या म्हणाल्या. "परत बंद करा."

"आता कशाला? माझी खात्री पटली."

"तुमच्यासाठी नाही हो पवार. माझ्यासाठी."

डॉक्टरांना ठाण्याला मीटिंग होती, म्हणून मला निघावं लागलं. निरोप घ्यायला मी दारात थांबलो, पण त्यांनी वर बघितलं नाही. काचेच्या नळीवर त्यांचं लक्ष होतं, आणि पवार त्यांच्या शेजारी व्हॉल्व्हवर हात ठेवून, त्या मान हलवतील म्हणून थांबला होता. आम्ही गेटपर्यंत पोहोचलो तेव्हा मागं घंटा वाजली. डॉक्टरांनी गाडीची काच वर केली. हमरस्त्याला लागेपर्यंत ती पुन्हा एकदा वाजली.